जुनी ॲक्शन फिगर आजच्या मुलांच्या हातात द्यायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८०च्या दशकात गाजलेल्या एका ॲक्शन फिगर (हलत्या हातापायांच्या खेळण्यातल्या पुतळ्यांच्या) मालिकेचे हक्क हाती आले आहेत. त्या वेळी तिच्याशी खेळलेली मुलं आता आई-बाप झाली आहेत. ती मालिका आजच्या पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी पुन्हा बाजारात आणायची आहे. जुनं रूप जसंच्या तसं ठेवावं की सगळं नव्याने घडवावं? आधी कार्टून की आधी खेळणं? आणि दिवसभर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली मुलं प्लास्टिकच्या पुतळ्याकडे वळतील तरी का?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण तिच्यापायी बरेच चांगले प्रकल्प उगाच भरकटतात. मुलं वळतात. दोन पात्रं दोन हातांत धरून त्यांची झुंज लावायची, तोंडाने आवाज काढायचे, हरलेल्याला उशीखाली कैद करायचं, ही हौस आजच्या मुलालाही तितकीच आहे. बदललं आहे ते वेगळंच. पूर्वी शाळेतून घरी आलं की सगळी मुलं एकाच वेळी एकच कार्टून बघत आणि दुसऱ्या दिवशी मैदानात तोच खेळ रंगे. आज शेजारी बसलेली दोन मुलंसुद्धा वेगवेगळं काहीतरी बघत असतात. खेळायची इच्छा शाबूत आहे. पात्रांची ओळख करून देणारी यंत्रणा मोडली आहे. तुमच्या सगळ्या निर्णयांचा पाया हा असला पाहिजे.

माझं मुख्य म्हणणं असं: जुन्या खेळण्याने मुलाच्या हाताला काय करायला लावलं होतं ते शोधा आणि ते परत आणा. चेहरा, पोशाख, लोगो, गाणं हे सगळं त्याच्या मागून येऊ द्या. बहुतेक जण नेमकं उलट करतात. लोगो मिळाला, जुन्या चित्रांची फाइल मिळाली की त्यांना वाटतं ठेवा सापडला. पण ज्या मुलाने ते कार्टून कधी पाहिलेलंच नाही त्याला त्या लोगोचं काय?

आता ग्राहक कोण हे ठरवा. यात तडजोड करू नका. चाळिशीतल्या संग्राहकाला हवं असतं आठवणीतलं हुबेहूब रूप, बारीक रंगकाम, वीस-पंचवीस सांधे आणि कपाटात शोभेल असा डबा. सात वर्षांच्या मुलाला हवं असतं ते आपटलं तरी न तुटणारं, हातात नीट बसणारं आणि काहीतरी घडवून आणणारं खेळणं. दोघांसाठी मिळून एकच पुतळा काढला की तो मुलासाठी नाजूक होतो आणि मोठ्यांसाठी बाळबोध. जी. आय. जो या अमेरिकी सैनिकी पुतळ्याच्या इतिहासात हे स्वच्छ दिसतं. तो बनवणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीने २००५ साली ‘सिग्मा सिक्स’ ही मालिका मुलांसाठी काढली: आठ इंची, ॲनिमे वळणाची, सोबत नवीन ॲनिमेशन. दोनेक वर्षांत ती थांबली. २००७ साली पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त जुन्या पावणेचार इंची मापात, जुन्या पोशाखातले पुतळे आले आणि ते इतके चालले की मोजक्या संचांपुरता ठरलेला बेत पूर्ण मालिकेत वाढला. यावरून ‘जुनं तेच विकतं’ असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. मला तो पटत नाही. २००७चे पुतळे मुख्यतः मोठ्यांनी घेतले. ते यश खरं होतं, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

मॅटेल या दुसऱ्या खेळणी कंपनीने ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’च्या बाबतीत ही फारकत उघडपणे केली. २००८ पासून ‘क्लासिक्स’ नावाने मोठ्यांसाठीची मालिका स्वतःच्या संग्राहकांच्या संकेतस्थळावरून विकली. २०२० साली ‘ओरिजिन्स’ आणली, तीत जुनं साडेपाच इंची रूप ठेवून सांधे वाढवले. २०२१ साली नेटफ्लिक्सवर दोन वेगवेगळ्या ॲनिमेशन मालिका आल्या, एक जुन्या प्रेक्षकांसाठी आणि एक मुलांसाठी, आणि मुलांच्या मालिकेला तिच्या रूपातली निराळी खेळणी होती. यातलं काय किती चाललं यावर वाद घालता येईल, पण रस्ते वेगळे ठेवायचा निर्णय बरोबर होता. तुमच्याकडे दोन रस्त्यांचं बजेट नसेल तर एकच निवडा. प्रश्न मुलांचा आहे, म्हणून पुढचं सगळं मुलांबद्दल.

जुन्या मालिकेचं बलस्थान शोधायचं कसं? एखादा जुना पुतळा मिळवा, डब्यातून काढा आणि खेळून बघा. माप, वजन, सांधे, कळ, यातल्या प्रत्येक गोष्टीमागे एक हेतू होता. १९६४चा मूळ जी. आय. जो बारा इंची होता, त्याला एकवीस हलते भाग होते, आणि खरा खेळ होता त्याचे गणवेश आणि सामान बदलण्याचा. १९७८ मध्ये केनर कंपनीचे स्टार वॉर्सचे पुतळे पावणेचार इंचांत आले. पुतळा लहान केला म्हणून यान मोठं करता आलं; बारा इंची पुतळ्याच्या मापाचं मिलेनियम फाल्कन कुठल्या मुलाच्या खोलीत मावलं असतं? १९८२ साली जी. आय. जो परत आला तो याच लहान मापात. आता खेळ कपडे बदलण्याचा उरला नव्हता. गाड्या, रणगाडे आणि फौजेचा झाला होता. नाव तेच राहिलं, खेळ पार बदलला, आणि नव्या खेळाला शोभेल असं माप निवडलं म्हणून ते जमलं. याउलट १९७७ साली तेलाच्या भाववाढीनंतर प्लास्टिक वाचवायला तोच जो आठ इंची करून ‘सुपर जो’ म्हणून आणला होता, तो फार टिकला नाही. माप खर्चावरून ठरवलं की ते हातात घेताच कळतं.

‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’चा नायक ही-मॅन, त्याचं बलस्थान आणखी वेगळं होतं. १९८२च्या पुतळ्याची कंबर वळवून सोडली की आतल्या स्प्रिंगने तो गर्रकन फिरून ठोसा मारायचा. मुलाला कथा माहीत असो वा नसो, हात लावताक्षणी कळायचं की हा मारतो. पुढच्या पात्रांनाही प्रत्येकी एक करामत होती. रॅम मॅनचे पाय दाबून सोडले की तो डोक्याने धडक द्यायचा, मॅन-ई-फेसेसचे चेहरे फिरायचे, मेकानेकची मान लांब व्हायची, १९८५च्या स्टिंकोरला तर चक्क वास येत असे. एका पुतळ्याला एक करामत, आणि ती नावातच सांगितलेली. इतकं सोपं आणि इतकं नेमकं डिझाइन मला आजच्या खेळण्यांत क्वचित दिसतं. तुमच्या मालिकेतली पात्रं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एका क्रियापदात त्याची करामत लिहा. ज्याच्यापुढे क्रियापद सुचत नाही ते पात्र पहिल्या वर्षी काढू नका, मग जुने चाहते त्याच्यावर कितीही जीव टाकत असोत.

बदल किती करावा याचं धाडसी उदाहरण हवं असेल तर १९९६ची ‘बीस्ट वॉर्स’ बघा. ट्रान्सफॉर्मर्सची ओळखच मुळी गाड्या आणि विमानं. ती सोडून प्राणी केले, नेता ट्रकऐवजी गोरिला झाला. जुने चाहते खवळले. मुलं मात्र रमली, कारण हाताचा खेळ तोच होता: एका गोष्टीची वळवून-दुमडून दुसरी करायची आणि शेवटचा तुकडा जागेवर बसला की जिंकल्यासारखं वाटायचं. पुढे हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्समध्येच लहानग्यांसाठी ‘रेस्क्यू बॉट्स’ आणले, एका-दोन हालचालींत बदलणारे. तीन-चार वर्षांच्या मुलाला वीस पायऱ्यांचं रूपांतर जमत नाही, पण ‘मी बदललं’ हा आनंद त्यालाही हवाच असतो. गाभा तोच ठेवून अवघडपणाच्या पायऱ्या केल्या. हे मी प्रत्येक पुनरुज्जीवनात करायला सांगेन.

आता चाचणीबद्दल, कारण सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळतं आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. मुलांना खोलीत बसवून ‘आवडलं का?’ विचारू नका. समोर मोठं माणूस असलं की मूल ‘हो’ म्हणतं. पुतळे जमिनीवर ठेवा, नाव-गाव काही सांगू नका, आणि बाजूला बसून हातांकडे बघा. पहिली पाच मिनिटं नव्याची नवलाई असते, त्यातून काही कळत नाही. कळ दाबून झाली, तलवार काढून-घालून झाली, त्यानंतर काय होतं ते महत्त्वाचं. मूल पुतळ्याला बोलायला लावतं का? त्याला घर शोधतं का? दुसऱ्या मुलाच्या पुतळ्याशी भांडण उकरून काढतं का? की बाजूला ठेवून इकडेतिकडे बघतं?

पकडीकडे खास लक्ष द्या. मोठा माणूस पुतळा छातीपाशी दोन बोटांत धरतो, जणू बघण्याची वस्तू आहे. सहा वर्षांचं मूल तो पायांपासून कमरेपर्यंत मुठीत आवळतं, म्हणजे वरचं अर्धं अंग मोकळं राहतं आणि त्याच्याशी लढाई करता येते. ठोसा मारायची कळ खांद्यांच्या मधोमध पाठीवर असेल तर त्या मुठीतून अंगठा तिथवर पोचत नाही. मूल एका हाताने धरतं, दुसऱ्या हाताने दाबतं, आणि समोरच्या पुतळ्याला धरायला हातच उरत नाही. मग ती करामत कितीही झकास असली तरी लढाईत वापरली जात नाही. कळ कमरेच्या खाली, अंगठ्याच्या टप्प्यात आणली की तोच पुतळा जिवंत होतो. डिझाइनच्या टेबलावर हे दिसत नाही, संगणकाच्या पडद्यावर तर अजिबात नाही. म्हणून राखाडी थ्री-डी प्रिंट तयार झाली की रंग, चेहरा, काही नसताना ती मुलांना द्या. रंग नसताना खेळ जमला तर रंगाने तो वाढेल. रंग नसताना जमला नाही तर रंग त्याला वाचवू शकणार नाही.

सांध्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. संग्राहकांच्या पुतळ्याला ढोपर दोनदा वाकतं, घोटा तिरका होतो, बदलायला पंजांचे चार-चार जोड मिळतात. मुलाच्या पुतळ्याला इतके सांधे म्हणजे उभं न राहणं. प्रत्येक सैल सांध्यागणिक तोल जातो, आणि उभा राहत नाही तो पुतळा खेळातून बाद होतो. मान, दोन खांदे, दोन कुल्ले आणि गरजेप्रमाणे कंबर, एवढ्यात बहुतेक खेळ होतो. कोपर द्यायचं तर हत्यार दोन हातांत धरण्याजोगं द्या, नाहीतर नको. पावलं जरा मोठी करा. मोठ्यांना ती बेढब दिसतील, मुलांच्या ते लक्षातही येत नाही.

जुनी रचना तशीच उचलण्याआधी ती आतून बघा. १९८२च्या जी. आय. जोच्या धडात एक रबरी कडी असायची, तिला आकड्याने पाय अडकवलेले असत. त्यामुळे इतक्या लहान पुतळ्याला सुंदर हालचाल मिळायची. १९८३ मध्ये दंडातही फिरता सांधा आला. पण रबर वर्षानुवर्षांनी कडक होऊन तुटतं आणि पुतळ्याचे दोन तुकडे होतात. त्या वेळची मुलं स्क्रू उघडून नवी कडी घालायला शिकली, ती गोष्ट वेगळी. आज सांध्यांसाठी पीओएम आणि नायलॉनसारखी झिजेला टिकणारी प्लास्टिकं आहेत, धडाला एबीएस, आणि हत्यार पकडणाऱ्या पंजाला थोडं लवचीक पीव्हीसी. पंजा कडक केला तर मूल तलवार ठोसून बसवतं आणि अंगठा तुटतो. फार मऊ केला तर तलवार गळते. हा कडकपणा ठरवायला कारखान्याकडून दोन-तीन वेगवेगळे नमुने मागवा आणि तेच मुलांना द्या. मऊ पीव्हीसीत थॅलेट्सची, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची, मर्यादा पाळावी लागते. अमेरिकेत २००८च्या कायद्यानुसार ठरावीक थॅलेट्स ०.१ टक्क्याच्या वर चालत नाहीत. जुनी रासायनिक कृती जशीच्या तशी वापरायचा विचारही करू नका.

हात-पाय ओढले की सुटावेत आणि परत बसावेत, अशी रचना मला मुलांच्या पुतळ्यात फार आवडते. ओढाताणीत तुटण्याऐवजी अवयव सुटतो, आणि मुलाला त्यातून नवा खेळ मिळतो: याचं डोकं त्याला, त्याचा हात याला. खलनायकाचा पंजा नायकाला लावून ‘याला जादूटोणा झालाय’ असं मूल स्वतःहून सांगतं. मात्र सगळ्या पात्रांच्या अवयव बसवायच्या खुंट्या एकाच मापाच्या ठेवा, आणि ते माप पहिल्या दिवशी ठरवून पुढे कधीही बदलू नका.

सुरक्षेचं थोडं विस्ताराने सांगावं लागेल, कारण याच कारणाने जुन्या मालिकांचे काही लाडके भाग परत आणताच येत नाहीत. १९७८च्या शेवटी मॅटेलच्या बॅटलस्टार गॅलॅक्टिका यानातून सुटणारं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एका लहान मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर केनरने टपालाने देऊ केलेल्या बोबा फेट या स्टार वॉर्सच्या पात्राचं उडणारं क्षेपणास्त्र रद्द केलं आणि पुतळा पाठवला तो ते पक्कं चिकटवून. आज नियम स्पष्ट आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कोणताही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावता कामा नये. ती नळी तळाशी तिरकी असते, खोली २५.४ ते ५७.१ मिलिमीटर. तुमचं खेळणं पाच वर्षांपुढचं म्हणून हा नियम तुम्हाला थेट लागू होणार नाही. पण पाच वर्षांच्या मुलाचं धाकटं भावंड त्याच जमिनीवर रांगत असतं. म्हणून माझा आग्रह असतो की हत्यारं कमी द्या, मोठी द्या, आणि जमलं तर त्या नळीत न मावणारीच द्या. चार सुटी पिस्तुलं देण्यापेक्षा एक जाडजूड कुऱ्हाड द्यावी. ती हरवतही नाही. सुटी लोहचुंबकं टाळा. बटन-सेल वापरायचा असेल तर झाकणाला स्क्रू हवाच.

हत्यारांच्या सुरावरही बोललं पाहिजे. पालकांना हातात खऱ्यासारखी बंदूक नको असते, आणि तो आक्षेप आजचा नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत सैनिकी खेळण्यांवरून मन उडालं तेव्हा, १९७० साली, हॅस्ब्रोने जो ला सैनिकाचा साहसवीर केला: शोधमोहिमा, हरवलेले खजिने, हिंस्र प्राणी. ब्रिटनमध्ये १९६६ पासून चाललेला आणि १९८४ मध्ये थांबलेला ॲक्शन मॅन १९९३ मध्ये परतला तोही साहसवीर होऊन, आणि त्याला डॉक्टर एक्स नावाचा शत्रू मिळाला. संघर्ष राहिला, युद्ध गेलं. तुमच्या मालिकेत सैनिकी छटा असेल तर हा मार्ग आधीच चोखाळलेला आहे.

कथेकडे वळतो. १९८०च्या दशकात कथा कशी पोचली हे समजून घ्या, म्हणजे तीच युक्ती आज का चालत नाही ते कळेल. १९८२ मध्ये खेळण्यांच्या टीव्ही जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवायचं यावर बंधनं होती, म्हणून हॅस्ब्रोने मार्व्हलच्या जी. आय. जो कॉमिकची ॲनिमेशनमधली जाहिरात दिली. पुस्तकाला ती बंधनं नव्हती. १९८३ मध्ये ही-मॅनचं कार्टून आलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची मर्यादा उठवली आणि खेळण्यांवर बेतलेल्या कार्टूनांचा पूर आला. १९९० मध्ये कायद्याने मर्यादा परत आली. त्या सहा-सात वर्षांच्या खिडकीतून ज्या मालिका मोठ्या झाल्या त्यांच्या पाठीशी रोजचा अर्धा तास होता. तो अर्धा तास तुम्हाला आज कोणी देणार नाही.

म्हणून कार्टूनची वाट बघू नका, आणि चित्रपटाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. जी. आय. जोचा दुसरा चित्रपट जून २०१२ मध्ये यायचा होता. खेळणी दुकानांत पोचायला लागली आणि ऐन वेळी चित्रपट मार्च २०१३ वर ढकलला गेला. माल परत घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीने ते सोसलं. लहान कंपनी त्यात बुडते.

कथा खेळण्यासोबतच द्या. सुरुवातीच्या ही-मॅनच्या पाकिटात छोटं कॉमिक असायचं. जी. आय. जोच्या कार्डामागे प्रत्येक पात्राची माहिती असायची, मार्व्हलच्या कॉमिकचे लेखक लॅरी हामा यांनी लिहिलेली: खरं नाव, जन्मगाव, कशात पटाईत, स्वभाव कसा. चार-सहा ओळींत माणूस उभा राहायचा आणि उरलेलं मूल पूर्ण करायचं. आज मी हेच करेन, पण वाचता न येणाऱ्या मुलासाठी चित्रांत. तीन चित्रं पुरतात: हा कोण, याला काय येतं, याचं कोणाशी वाकडं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ‘कोणाशी वाकडं’ हे कळल्याशिवाय दुसरा पुतळा हवासा वाटत नाही. आणि चाळीस वर्षांत साचलेला इतिहास, पर्यायी विश्वं, कोणाचा जुळा भाऊ कुठे हरवला, हे सगळं गाठोडं बाजूला ठेवा. छोटे व्हिडिओ जरूर करा, मिनिट-दोन मिनिटांचे, पण त्यांत पुतळ्यांचाच खेळ दाखवा. मुलं दुसऱ्या मुलांचा खेळ बघून खेळायला शिकतात.

पालकांचं प्रेम इथे दुधारी असतं. बाबा उत्साहाने पुतळा आणतात, ही पहिली विक्री. मग मुलाने नायक आणि खलनायक मित्र केले की ते सांगतात, ‘अरे, तो याचा शत्रू आहे, असं नसतं.’ तिथे खेळ संपतो. पाकिटावर पालकांसाठी एक ओळ असावी असं मला मनापासून वाटतं: कथा तुमच्या मुलाला ठरवू द्या.

चिप, ॲप, कोड स्कॅन करून मिळणारे खेळ, यांचा मोह सोडा. २०११ मध्ये स्कायलँडर्सने पुतळा ठेवला की व्हिडिओ गेममध्ये पात्र जिवंत होण्याची कल्पना लोकप्रिय केली, त्यामागोमाग २०१३ मध्ये डिस्ने इन्फिनिटी आलं, आणि २०१६ मध्ये बंदही झालं. गेम थांबला की कपाटातला पुतळा मुका होतो. शिवाय मुलाला स्क्रीनपासून दूर न्यायचं म्हणून पालक खेळणं घेतात आणि आपण त्यांना परत स्क्रीनकडेच पाठवतो, हे बरं नाही.

पैशाचं गणित साच्यांत असतं. स्टीलचा साचा महाग, प्लास्टिक त्या मानाने स्वस्त. १९८२च्या मालिकेत ही-मॅन आणि त्याच्याभोवतीची बरीच पात्रं एकाच धडाच्या, हातापायांच्या साच्यांतून निघत. डोकं, चिलखत आणि रंग बदलला की नवा माणूस. ही-मॅनचा वाघ बॅटल कॅट तर मॅटेलच्याच जुन्या बिग जिम मालिकेतल्या वाघाच्या साच्यातून आला. ही काटकसर आजही करा, पण एक कसोटी लावून: सगळे पुतळे पूर्ण काळे करून सावल्यांसारखे शेजारी ठेवा. सावलीवरून मुलाला कोण कुठला ते सांगता आलं पाहिजे. धड एकच असलं तरी खांद्यांचं चिलखत, डोक्याचा आकार, शेपटी, पंख यांनी सावली बदलते. ज्यांची सावली सारखी, त्यांतला एकच घ्या.

दुकानांना जाणाऱ्या खोक्यात कोण किती भरायचं हा कंटाळवाणा वाटणारा निर्णय मालिका मारू शकतो. २००२च्या ही-मॅन मालिकेचं शिल्पकाम अप्रतिम होतं, फोर हॉर्समेन या स्टुडिओचं. पण दुकानात ही-मॅन आणि त्याचा शत्रू स्केलेटर यांच्याच निरनिराळ्या आवृत्त्या लटकलेल्या आणि इतर पात्रं शोधून सापडत नाहीत, ही तक्रार शेवटपर्यंत राहिली. एक नायक घरी आला की मुलाला दुसरा नायक नको असतो, त्याला शत्रू हवा असतो. पहिल्या खेपेत नायक-खलनायक बरोबरीने भरा. स्त्री पात्रंही तितकीच भरा, खोक्यामागे एखादी अशी नकोत. १९८२च्या पहिल्या जी. आय. जो संचात स्कार्लेट होती, म्हणजे हे नवं नाही. तरी २०१५ मध्ये स्टार वॉर्सच्या नव्या चित्रपटाची मुख्य पात्र असलेली रे हॅस्ब्रोच्या मोनोपॉली खेळात नव्हती, आणि त्यावर झालेल्या ओरडीनंतर ती घालावी लागली. ‘मुलगे मुलींचे पुतळे घेत नाहीत’ हे वाक्य मी बैठकांत अजून ऐकते. चाचणीच्या खोलीत मुलगे तिच्या हातात काय आहे ते बघतात आणि ती उचलतात.

पहिल्या वर्षी सहा-सात पात्रं पुरेत, पण एक जागा मात्र हवीच. ही-मॅनचा किल्ला कॅसल ग्रेस्कल आठवा: दोन पाखांत उघडणारा, जबड्याचा दरवाजा, सिंहासनापाशी पायाखालून उघडणारी फळी, वर-खाली होणारी लिफ्ट. त्या किल्ल्यामुळे पुतळ्यांना राहायला, लपायला, पडायला जागा मिळाली. मोठा प्लास्टिकचा किल्ला परवडत नसेल तर जाड पुठ्ठ्याचा करा, किंवा दोन पुतळ्यांच्या जोडसंचाचा डबाच उघडून गुहा होईल असा बनवा. पॅकिंगमधून पुतळा थोडा तरी दिसला पाहिजे, आणि कळ बाहेरून दाबता आली तर फार उत्तम. हॅस्ब्रोने प्लास्टिक टाळायला पूर्ण बंद खोकी करून पाहिली आणि नंतर काही मालिकांत खिडकी परत आणली. घेणाऱ्याला आतला चेहरा बघायचा असतो.

वेळापत्रक आखताना साचे आणि सुरक्षा-चाचण्या यांना भरपूर अवधी ठेवा. १९७७ मध्ये स्टार वॉर्स अनपेक्षित चालला तेव्हा केनरकडे नाताळसाठी पुतळे तयार नव्हते. त्यांनी चित्राचं कार्ड आणि कूपन असलेली पाकिटं विकली आणि पुतळे पुढच्या वर्षी टपालाने पाठवले. तसं तुम्हाला कोणी माफ करणार नाही. माझा क्रम असा असेल: करामतींची यादी, राखाडी नमुने, मुलांबरोबरची पहिली फेरी, कळ आणि सांध्यांत बदल, दुसरी फेरी, मग सावलीची कसोटी, मग रंग, आणि त्यानंतरच स्टील कापायला द्यायचं. स्टील कापल्यावर साच्यातलं धातू काढता येतं, म्हणजे पुतळ्याचा भाग जाड करता येतो. उलटं करायचं तर वेल्डिंग नाहीतर नवा साचा. म्हणून शंका असेल तिथे पहिला साचा किंचित बारीक भागाचा करून घ्या, विशेषतः खुंट्या आणि पंजा. घट्ट करायला नंतर वाव राहतो.